पाठमोरीचा सौदा

जुन्या सामानाच्या बाजारात तिला सगळे 'पाठमोरी' म्हणायचे, आणि तेही तोंडावर. तिला त्याचा राग नव्हता, उलट थोडा तोराच होता. कपाट असो, शिलाई मशीन असो, नाहीतर तीन पायांवर उभं असलेलं टेबल असो, ती भाव विचारायची, नाक मुरडायची, आपला आकडा सांगायची आणि समोरच्यानं मान हलवली की "राहू दे मग" म्हणून पाठ फिरवायची. एकदा फिरवली की मान वळवणं नाही. समोरच्याचा जीव वरखाली व्हायचा आणि मागून हाक यायची, "अहो ताई, या इकडे, तुमचंही नको नि माझंही नको." मग ती सावकाश परतायची, जणू काही विसरलेली पिशवी घ्यायला आली आहे.

त्या बाजारात 'राहू दे' म्हणजे 'नको' असं कुणीच समजत नव्हतं. 'राहू दे' म्हणजे मी चार पावलांवर आहे, बोलव. हे तिला आईनं शिकवलं होतं. पत्र्याचं ते दुकान मुळात आईचंच. फळीवर रंगवलेला फोन नंबरही आईचाच. आई थकली तेव्हा दुकान आणि नंबर दोन्ही लेकीकडे आले.

आता आई गावाच्या दुसऱ्या टोकाला, वृद्धांच्या निवासात होती. तिच्या डोक्यातून एकेक गोष्ट निघून चालली होती. जेवली की नाही ते आठवत नसे, नवरा गेला हे आठवत नसे, खोलीचं दार कुठलं ते आठवत नसे. फक्त हा एक नंबर पक्का होता. दुपारचा चहा झाला की ती व्हरांड्यातल्या टेबलावरचा फोन उचलायची आणि एकही आकडा न चुकता लावायची. मध्यंतरी पाठमोरीचा फोन बिघडून दुरुस्तीला गेला होता. निवासातल्या नर्सनं दुसरा नंबर कागदावर ठळक लिहून दिला. म्हातारीनं कागदाची घडी करून उशीखाली ठेवली आणि जुनाच नंबर लावत बसली. कुणी उचलेना म्हणून चपला घालून सरळ बाहेर पडली. संध्याकाळी बसथांब्यावर सापडली, थरथरत, पायात एकच चप्पल. त्या दिवसापासून पाठमोरी अंघोळीलाही फोन बरोबर न्यायची.

असा तो नंबर. आणि बाईनं त्याचाच सौदा मांडला, आता बोला.

झालं काय, तर फोनचं बिल वाढलं. निवासाची फीही वाढली होती. शेजारचा घड्याळवाला फुशारकी मारत म्हणाला, "मी कंपनीला दम दिला, दुसरीकडे जातो म्हटलं. दर उतरवला की नाही मुकाट्यानं?" पाठमोरी मनात म्हणाली, ह्याला जमतं? ह्याला बायकोशी दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत. मग मला तर हा डाव्या हाताचा मळ. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. स्प्रिंगा गेलेल्या सोफ्यावर मांडी घालून तिनं फोन लावला.

पलीकडे एक मुलगा होता, गोड बोलणारा. तिनं दर विचारला, नाक मुरडलं, आपला आकडा सांगितला. मुलगा म्हणाला, "सॉरी मॅडम, एवढं कमी नाही होणार."

"राहू दे मग. बंद करून टाका," ती म्हणाली.

"नक्की बंद करू?"

"करा की. मला काय कंपन्यांचा तोटा आहे?" आणि तिनं फोन ठेवला. फोनवर पाठ फिरवायची तर आणखी काय करणार? मग पॉलिशचा डबा उघडून ती एका खुर्चीच्या हातांना पॉलिश लावत बसली आणि हाकेची वाट पाहू लागली.

थोड्या वेळानं मेसेज आला. सेवा बंद करण्याची आपली विनंती नोंदवली आहे, आज संध्याकाळी सहा वाजता आपला क्रमांक बंद होईल. ती हसली. घड्याळवाल्याला दाखवत म्हणाली, "बघा, टरकले. मला घाबरवतायत."

घड्याळवाल्यानं डोळ्याला लावलेली भिंगाची नळी काढली, मेसेज वाचला, परत वाचला. "ताई, हे घाबरवणं नाही. खरंच बंद करतायत."

"अहो, बोलावतील. कंपनी झाली तरी दुकानदारच ना शेवटी?"

"तिथं कोण बसलंय बोलवायला? तुम्ही बंद करा म्हणालात, त्यांनी बटण दाबलं. मी दुसरीकडे जातो म्हणालो होतो. बंद करा नव्हतो म्हणालो." मग तो थांबला आणि हळू म्हणाला, "आणि बंद झालेला नंबर ते पुढं कुणाला तरी देऊन टाकतात."

पाठमोरीनं त्याच्या हातातून फोन ओढून घेतला. चहा झाला की आई नंबर लावणार आणि कुणीच उचलणार नाही. की कुणी परका उचलणार, राँग नंबर म्हणून खेकसणार, आणि आई चपला शोधायला लागणार. "किती वाजले?" तिनं विचारलं. घड्याळवाल्याच्या भिंतीवर पंचवीसेक घड्याळं होती आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नव्हता. त्यानं मनगटाकडे पाहिलं. पाच वाजून गेले होते.

तिनं फोन लावला. अमुक हवं तर एक दाबा, तमुक हवं तर दोन दाबा. तिनं चुकीचं दाबलं, परत पहिल्यापासून सुरू. आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे, म्हणे. मोलाचा आहे तर उचला की मेल्यांनो, ती पुटपुटली. मग संगीत लागलं. तेच तेच चार सूर, घाण्याच्या बैलासारखे गोल गोल. घड्याळवाल्यानं आपला फोन पुढे केला, पण त्यावरून करून उपयोग नव्हता, ज्याचं काम आहे त्याच नंबरवरून बोला असं रेकॉर्डिंग सांगत होतं. एक गिऱ्हाईक येऊन आरशाचा भाव विचारू लागलं. तिनं हातानंच त्याला वाटेला लावलं. असं तिनं आयुष्यात केलं नव्हतं.

शेवटी कुणीतरी बोललं, पण ते खातं वेगळं निघालं. त्यानं दुसरीकडे जोडलं. पुन्हा तेच चार सूर. दुकानाच्या दारातलं ऊन सरकत समोरच्या फळकुटांवर गेलं होतं. तिनं पदरानं तळहात पुसला, फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"बोला मॅडम," एक बाई म्हणाली. आवाज घोगरा, दिवसभर बोलून बसलेला.

आता सवय कशी असते पाहा. जीव टांगणीला लागलेला, तरी पाठमोरीच्या तोंडून बाहेर काय पडलं? "हे पाहा, जुन्या दरानं देणार असाल तर मी थांबायला तयार आहे."

पलीकडे बटणांचा आवाज झाला. "मॅडम, जुना करार तुम्ही स्वतःच मोडलाय. तो दर आता नाही. मग बंदच राहू दे का?"

तिचाच शब्द, तिच्याच कानात. आणि ह्या बाईला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. ती बिचारी नुसतं विचारत होती.

"नको," पाठमोरी घाईनं म्हणाली. "नको नको. ऐका ना. मी चुकले. मी बाजारात बसते, आमच्याकडे असंच बोलतात. बंद करा म्हणाले, पण तसं नव्हतं ते. माझी आई आहे. तिला काही आठवत नाही, हा एकच नंबर आठवतो. हा गेला तर ती कुणाला फोन करणार? रस्त्यावर येते हो ती. एकदा आली होती." इतकी वर्षं बाजारात काढली, पण एखाद्या दुकानदारापुढे तिनं गरज कधी उघडी केली नव्हती. गरज दिसली की भाव चढतो, हे तिला पाळण्यापासून ठाऊक होतं.

घोगरी बाई काही बोलायच्या आतच कानात टूं टूं वाजलं. तिनं फोन डोळ्यांसमोर धरला. निवासाचा नंबर. आज तिथं चहाला उशीर झाला असणार.

"तिचाच येतोय," ती म्हणाली. "आईचा. आत्ताच. मी काय करू? तुम्हाला सोडलं तर परत रांग, आणि सहा वाजतील. हिला नाही घेतलं तर..."

टूं टूं वाजतच होतं. घड्याळवाला हातातलं काम टाकून दाराशी येऊन उभा राहिला होता.

"घ्या," घोगरी बाई म्हणाली. "मी थांबते."

"खरंच थांबाल?"

"घ्या हो आधी."

तिनं बटण दाबलं. क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग आईचा श्वास आला, तो तिला गर्दीतही ओळखू आला असता.

"हॅलो," आई म्हणाली. "दुकान ना?"

"हो आई. मीच."

"कोण आई? अहो बाई, माझी मुलगी आहे का तिथे? दुकानात बसवून आलेय मी तिला. लहान आहे. मला माल बघायला उशीर झालाय."

अलीकडे हे असंच चाललं होतं. नंबर पाठ, लेक विसरलेली. सुरुवातीला पाठमोरी समजावत बसायची, अगं मीच ती, पन्नाशीला आले, आणि आई घाबरून रडायला लागायची. मग तिनं समजावणं सोडलं.

"आहे हो," ती म्हणाली. "इथंच आहे. सोफ्यावर बसलीय."

"रडत नाही ना?"

पाठमोरीनं गालावरचं पाणी मनगटानं पुसलं. "नाही. शहाणी आहे."

"तिला सांगा, आई येतेय. दुकान सोडून जाऊ नको म्हणावं. मी येईपर्यंत हलू नको म्हणावं."

"सांगते. नाही हलणार ती."

आईनं समाधानानं हं केलं आणि फोन ठेवला. कंपनीची लाईन परत आली, पण तिथं काहीच आवाज नव्हता. चार सूरही नव्हते. पाठमोरीनं फोन कानाशी इतका दाबला की कान दुखायला लागला. गेली. कोण कुणासाठी थांबतं, आणि तेही फुकट? तिला स्वतःचा असा राग आला की समोरची खुर्ची लाथेनं उडवावीशी वाटली.

"बोला मॅडम," घोगरी बाई म्हणाली. "झालं बोलणं?"

"झालं." ती सोफ्यावर बसली.

"हे पाहा, बंद करण्याची विनंती मी रद्द करू शकते. पण नवा करार करावा लागेल, तोही पूर्ण दरानं. तुमच्या आधीच्या बिलाच्या वर जाईल. माझ्या हातात तेवढंच आहे."

घोगऱ्या बाईनं आकडा सांगितला. बाजारात एवढा चढा आकडा कुणी सांगितला असता, तर पाठमोरीनं आधी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता आणि मग पाठ फिरवली असती.

"द्या," ती म्हणाली.

दाराशी उभ्या घड्याळवाल्यानं तोंडाचा आ केला. त्यानं आजवर तिला सांगितलेल्या भावाला साधा खिळाही घेताना पाहिलं नव्हतं.

घोगऱ्या बाईनं अटी वाचायला घेतल्या. भराभर, एका सुरात. पाठमोरी प्रत्येक वाक्याला हो म्हणत गेली.

"करार दोन वर्षांचा आहे मॅडम. मध्ये सोडता येणार नाही. मान्य आहे?"

आता मात्र ती बोटांवर वर्षं मोजू लागली. गेल्या महिन्यात निवासाच्या डॉक्टरांनी तिला बाजूला घेतलं होतं आणि म्हटलं होतं की आईच्या पुढच्या वर्षाचं आपण आत्ता काही बोलू नये.

"मॅडम? मुदत जास्त वाटतेय का?"

"तीन वर्षांचा नाही का काही?" तिनं विचारलं.

"तीन?"

"हो. नाहीतर चार. दर तुम्ही म्हणाल तो."

"नाही हो," घोगरी बाई म्हणाली. "आमच्याकडे दोनच वर्षांचा आहे."

"काही होत असेल तर बघा ना," पाठमोरी म्हणाली.