लेकुरवाळी मरळ आणि कादरभाई

कादरभाई गेले, हे मला ते गेल्यावर सोळाव्या दिवशी कळलं. तेही बुलढाण्याच्या बाजारात, तंबाखू मळत उभ्या असलेल्या एका सोनाळ्याच्या माणसाकडून. ‘तो तुमचा शिकलगार गेला नं बाबूजी,’ तो म्हणाला, आणि लगेच परतीची मोटार किती वाजता सुटते ते विचारायला लागला. मोटारीची वेळ मी त्याला नीट सांगितली. घरी आल्यावर मात्र तो ‘तुमचा’ शब्द मला असा झोंबला की जेवणावरून उठलो. माझे कसले? बारा वर्षं मी त्या माणसाच्या नदीवर पाऊल ठेवलं नव्हतं, आणि ते का, हे आजवर कोणाजवळ बोललो नाही. आता बोलतो. वाचणाऱ्यांनी खुशाल तोंड वाकडं करावं.

सोनाळ्याला मी तरुणपणी कारकून म्हणून होतो. घरची कात्री घेऊन धार लावायला कादरभाईंकडे गेलो, तर हे गृहस्थ माझी कात्री बाजूला ठेवून मोडक्या छत्रीची काडी निखाऱ्यात लाल करत बसलेले. काडीला बाक दिला, टोकाशी छिन्नीने उलटा काटा काढला आणि तो तापलेला गळ तेलात बुडवून कडक केला. मग तो माझ्या धोतराच्या सोग्यात अडकवून म्हणाले, ‘ओढ बे, सुटते का पाह्य!’ सुटला नाही. सोगा फाटला. नव्या ओळखीच्या माणसाचं धोतर फाडून हा मनुष्य पोट धरून हसत होता! मला राग यायला हवा होता, पण दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्यामागे वान नदीच्या डोहावर गेलो. आमच्या घरात मासा चालत नसे. मी धरायचा आणि त्यांनी घरी न्यायचा, अशी वाटणी ठरली. बायकोला मी फिरायला जातो असं सांगत असे. मी घरात पाय ठेवण्याआधी ती हातपाय धुवायला परसात पाणी काढून ठेवत असे.

कादरभाईंचा नाद एकच, मोठी मरळ. लहान माशांकडे ते ढुंकून बघत नसत. मरळ श्वासाला वर येते. लहान असली तर पाणी टपकन वाजतं, ‘आन् मोठी आली नं बाबू, तं आवाजच नाही येत. पानी नुसतं गोल फिरते.’ असं गोल फिरलेलं पाणी ओळखायला मला पहिलं वर्ष लागलं. दोरी बाभळीच्या सालीच्या काढ्यात उकळलेली, काठी वेळूची, आणि आमिष म्हणजे जिवंत बेडूक, पाठीच्या नुसत्या कातडीतून गळ ओवलेला, म्हणजे तो पोहत राहतो. आपली सावली पाण्यावर पडता कामा नये. विडी तर नाहीच. सगळ्यात कठीण गोष्ट पुढे असे. मरळ आधी बेडूक नुसता दातात धरते, फिरवते आणि मग गिळते. पहिल्या हिसक्याला ओढलं की हातात कोरी दोरी. म्हणून हिसका बसला की ते मनात तीनदा बिस्मिल्ला म्हणत आणि मग ओढत. ‘तू तुह्या देवाचं घे,’ मला सांगत, ‘पन तीनदा घे. दोनदा घेशीन तं देव बी गेला आन् मरय बी गेली.’ मी रामाचं नाव घेत असे आणि हटकून दुसऱ्या रामालाच ओढत असे. शिव्या खात असे.

त्यांचा एक नेम होता, आणि नदीवर मासे धरणाऱ्या भोयांचाही तोच होता. मरळीची पिलं निघाली की घोळक्याने पाण्यावर येतात, कुंकू सांडल्यासारखी लाल. आई खाली राखण करते. अशा मरळीला ते लेकुरवाळी म्हणत. त्यांच्या तोंडी ते ‘लेकुरवाई’ होई. तिच्यावर गळ टाकायचा नाही. का, ते त्यांनी मला एकदा हळूच सांगितलं होतं. एरवी दिवसदिवस न फसणारी मरळ पिलांवर असताना आंधळी होते. त्या लाल घोळक्यात काहीही पडलं, बेडूक पडो की काडी पडो, ती भूक नसताना झडप घालते. ‘त्याच्यात शिकार कायची बाबू? ते तं लेकरासाठी तोंड उघडते.’ हे त्यांनी मला विश्वासाने सांगितलं होतं... मी ते पक्कं लक्षात ठेवलं.

पुढे माझी बदली बुलढाण्याला झाली. माझं इंग्रजी बरं, म्हणून साहेब दौऱ्यावर निघाले की दुभाषी म्हणून मला सोबत नेत. त्या वर्षी भादवा सरून पाणी नुकतं निवळलं होतं. नवे गोरे साहेब दौऱ्यात सोनाळ्याला तंबू ठोकून राहिले. गळाचा त्यांना भारी शौक. विलायती काठी, पितळी चरखी, डबाभर रंगीत पिसं आणि चमच्यासारखे चकचकीत पत्रे. तीन दिवस वानच्या मरळींनी त्या पत्र्यांकडे बघितलंसुद्धा नाही, आणि साहेबांचं डोकं तापलं. त्याच दिवसांत कचेरीतली मोठ्या कारकुनाची जागा रिकामी झाली होती आणि माझा अर्ज साहेबांच्या पेटीत होता. त्या जागेसाठी मी किती वर्षं लाळ गाळली, ते माझं मला ठाऊक. साहेब म्हणाले, या गावात कोणी जाणता माणूस नाही का? मी तत्काळ कादरभाईंना घेऊन आलो. ते आले तेही साहेबांसाठी नाही, माझ्यासाठी आले.

त्यांनी आपला गळ साहेबांच्या दोरीला बांधला, बेडूक ओवला, बसायची जागा दाखवली. तासाभरात हातभर मरळ लागली. साहेब खूश झाले, पण पोट भरेना. याहून मोठी हवी. तेवढ्यात पलीकडे लव्हाळ्याजवळ त्यांना लाल पाणी दिसलं आणि ते काय आहे असं त्यांनी विचारलं. कादरभाई एकदम उठून उभे राहिले. ‘तिकडे नोको म्हन बाबू साहेबाले. ते लेकुरवाई हाये. पंधरा दिसानं पिलं सुटतीन, मंग या म्हना, मी सोता दाखवतो.’

साहेब माझ्या तोंडाकडे बघत होते. कादरभाईही बघत होते. मी चांगल्या खणखणीत इंग्रजीत सांगितलं की हा म्हणतो, नदीतली सगळ्यात मोठी तिथेच आहे, बेडूक बरोबर त्या लाल घोळक्यात टाका.

साहेबांनी टाकला. कादरभाईंना कळायच्या आत पाणी फुटलं. तिथे रामही लागला नाही आणि बिस्मिल्लाही लागलं नाही. अशी मरळ मी जन्मात पाहिली नव्हती, उभी धरली तर शेपूट माणसाच्या गुडघ्याखाली जाईल! साहेबांनी कॅमेरा मागवला, मासा कादरभाईंच्या हातात दिला आणि शेजारी उभे राहिले. फोटोत कादरभाई पाण्याकडे बघताना आले. तिकडे लव्हाळ्याजवळ बारीकसारीक मासे घोळक्यावर तुटून पडले होते. पाणी तांदूळ शिजतो तसं उकळत होतं. थोड्या वेळाने तिथे लाल काही उरलं नाही.

सामान आवरताना त्यांनी मला विचारलं, ‘बाबू, तू काय सांगतलं त्याले?’

‘तुम्ही सांगितलंत तेच,’ मी म्हणालो.

‘हाव,’ ते म्हणाले. नंतर साहेबांच्या दोरीचा आपला गळ त्यांनी सोडून घेतला आणि जाताना मला म्हणाले, ‘येतो बाबूसाहेब. तुमी बी निंगा आता.’

तुमी! नऊ वर्षं मला ‘बे’ म्हणणारा माणूस. त्यांनी मला चारचौघांत थोबाडीत मारली असती तर मी आज हा लेख लिहिला नसता. ती मोठ्या कारकुनाची जागा मला मिळाली. सोनाळ्याला दोनदा गेलो. दोन्ही वेळा त्यांनी सतरंजी झटकून घातली, चहा मागवला, बाबूसाहेब कसे आहेत ते विचारलं. नदीचं नाव नाही. दुसऱ्या खेपेला मीच काढलं, तर म्हणाले, ‘आता डोये काम नाही करत बाबूसाहेब.’ थोड्याच वेळापूर्वी माझ्यासमोर त्यांनी सुईच्या नाकात पहिल्या दमात दोरा ओवला होता. मी चिडलो. खरंच चिडलो. एका माशापायी माणसाने इतका आकस धरावा? मी काय त्यांचं घर जाळलं होतं? मनातल्या मनात मी त्यांना हट्टी, आडमुठा, जे सुचेल ते म्हणत राहिलो आणि जाणं सोडलं. स्वतःला काही म्हणण्यापेक्षा ते सोपं गेलं.

बातमी कळल्यावर आठवड्याने सोनाळ्याला गेलो. त्यांची लेक राबिया सासरहून आलेली होती. तिने मला त्यांच्या कामाच्या खोलीत बसवलं. सहाणेचं चाक तसंच होतं, त्याच्या पट्ट्याला नवीन गाठ मारलेली. भिंतीवर विळे टांगलेले, ज्यांचे त्यांनी अजून नेले नव्हते. एक तर धार लावून पुसूनही ठेवला होता. गळ मात्र एकही नव्हता. मी विचारलं तर राबिया म्हणाली, ‘ते तं कवाचेच फेकले नं चाचा. त्या साहेबाच्या मरयीपासून भोई अब्बाले नदीवर येऊच देत नव्हते. यानं लेकुरवाई दाखवली, यानं इमान इकलं, म्हनत. लई बोलले लोकं. मशिदीतून येतानी बी बोलत.’

मला हे माहीत नव्हतं. बारा वर्षं मला वाटत होतं की ते माझ्यावर रुसून नदीवर जात नाहीत.

‘मग त्यांनी खरं काय ते सांगितलं नाही कोणाला?’ मी विचारलं.

‘सांगत नं. कोनी तुमचं नाव घेतलं का अब्बा तापत. म्हनत, मी बाबूले बराबर सांगतलं होतं, आन् बाबूचा बी काही गुन्हा नाही. इंग्रजीत लेकुरवाईले शब्दच नाही, तं तो बिचारा काय करीन?’ तिने माझ्यासमोर चहा ठेवला. ‘खरंच नाही का हो चाचा, शब्द?’

आहेत. दोन आहेत. आई आणि पिलं. इंग्रजीच्या पहिल्या पुस्तकात पोरं शिकतात ते. त्या दिवशी डोहावर दोन्ही माझ्या जिभेवर होते, आणि साहेबाला मरळ किती प्यारी होती हे मला ठाऊक असलं तरी, मी ते बोललो असतो तर त्याने गळ खाली ठेवला असता, असं मला आजही वाटतं. आता त्या खोलीत पुन्हा एकदा कोणीतरी माझ्या तोंडाकडे बघत होतं.

‘खरं आहे पोरी,’ मी म्हणालो. ‘नाही त्या भाषेत शब्द.’ आणि चहा बशीत ओतून प्यायलो.