बाबांची पक्की रेघ

सकाळपासून मी एकच रेघ काढत होते आणि पुसत होते. माझ्या कॉमिकमध्ये बाबा दारात उभे राहून चपला घालताहेत, एवढंच ते चित्र. टॅबलेटवरच्या कच्च्या चित्रात ते हुबेहूब आले होते. त्यावर शाईची पक्की रेघ फिरवली की मात्र तिथे कुणी भलताच माणूस उभा राहायचा.

आई चहा घेऊन आली, तेव्हा तिला पक्कं चित्र दाखवलं.

"हे कोण गं?"

मी चिडून शाईचा थर लपवला. खालचं कच्चं चित्र दिसलं, तशी ती कप हातात धरून उभीच राहिली. "हे बघ, हे आहेत ना! मग हेच ठेव."

"कच्चं छापत नाहीत, आई!"

माझा आवाज उगाच चढला. कच्च्या चित्रात ओठांच्या जागी सात-आठ रेघा होत्या. त्यांतली एकही बरोबर नव्हती, पण त्या सगळ्यांमध्ये मिळून बाबा होते. गेलेलं माणूस आठवतं तेही असंच, थोडं इथे, थोडं तिथे. पक्की रेघ मात्र एकच बाबा निवडायला सांगते आणि बाकीचे पुसायला लावते.

दुपारपर्यंत आणखी वीसेक वेळा पुसलं. शेवटी वैतागून मी त्यांना पाठमोरं काढलं. संपादकांना ते आवडलं. मला मात्र ती माझी हार वाटली.

आईने ते चित्र बराच वेळ पाहिलं. मग हळूच म्हणाली, "निघाले वाटतं."