मोरीचं पाणी

वैशाखातल्या एका दुपारी अक्का कूलरमध्ये पाणी ओतायला गेली आणि तिला करंट लागला. अव्वा टँकरवर पाणी भरायला गेली होती, अण्णा कामावर होते. मी पुढच्या खोलीत वाचत बसलो होतो. रिक्षा दवाखान्यात पोहोचली तेव्हा ती गेलेली होती.

अक्का माझी थोरली बहीण. पहिल्या बाळंतपणासाठी ती माहेरी आली होती आणि तिची मुलगी तेव्हा तीन महिन्यांची होती. आमच्या घरात आईला अव्वा म्हणत आणि वडिलांना अण्णा. लातूर जिल्हा नवा झाला, कचेऱ्या वाढल्या, आणि अण्णांची उदगीरहून इकडं लातूरला बदली झाली. ते बांधकाम खात्यात ओव्हरसीअर होते. गावाबाहेर तुरीच्या रानात सोसायटीनं प्लॉट पाडले होते. तिथं त्यांनी घर बांधलं. गल्लीतली बाकीची घरं त्यांच्याच ओळखीच्या नोकरदारांची. मिस्त्री एकच, वायरमन एकच, आणि कुणाची खिडकी कुठं असावी इथपर्यंत सल्ला अण्णांचा. घरं बांधून झाली आणि पाठोपाठ पाऊस कमी होत गेला. त्या उन्हाळ्यात तर नळाला आठवडा आठवडा पाणी नसे आणि गल्लीतल्या बोअरमधून नुसती हवा यायची.

अक्काच्या मुलीच्या अंगभर घामोळं उठलं होतं. ती रात्रंदिवस रडायची. बाळंतिणीला गार वारा लागू द्यायचा नाही, हे अव्वाचंच म्हणणं. पण सव्वा महिना सरला तशी तिनंच अण्णांना कूलर आणायला लावला. पत्र्याचा, लोखंडी स्टँडवरचा, तीन बाजूंनी गवताच्या जाळ्या असलेला. त्याला दिवसाला चार-पाच घागरी पाणी लागायचं. प्यायला पाणी पुरत नसताना कूलरला कुठून आणायचं, हा प्रश्न अव्वानं दोन दिवसांत सोडवला. मोरीचं पाणी भिंतीतल्या नळीतून मागच्या अंगणात जमिनीवर पडायचं आणि तिथंच जिरायचं. त्या नळीखाली तिनं अर्धं कापलेलं टिपाड ठेवलं. साबण न लावता अंघोळ करायची, ते पाणी टिपाडात धरायचं, फडक्यातून गाळायचं आणि कूलरमध्ये ओतायचं. साबणाची अंघोळ आठवड्यातून एकदा, ते पाणी संडासाला. टिपाड हलू नये म्हणून अण्णांनी त्याच्या बुडाशी सिमेंट लावून दिलं. बाईनं इंजिनीअरला मागं टाकलं, असं ते तेव्हा म्हणाल्याचं मला आठवतं.

ही युक्ती गल्लीत पसरली. शेजारच्या काकू रोज कट्ट्यावर येऊन हसवायच्या. आमच्या ह्यांनी काल चोरून साबण लावला, त्या सांगायच्या, आणि रात्रभर कूलरमधून फेस उडत राहिला. मी ह्यांना म्हटलं, आता दाढी पण तिथंच करा. महिनाभरात प्रत्येक घरामागं टिपाड आलं. अक्काला बरं वाटायला लागलं. दुपारी मुलगी शांत झोपायची. कूलरसमोर पाय लांब करून बसलेली अक्का मला अजून दिसते, मांडीवर मूल, ओले केस पाठीवर मोकळे सोडलेले.

तिला माती दिली त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णा मागच्या अंगणात गेले. मी त्यांच्या मागं गेलो. टिपाडाला लागूनच जमिनीतून वीतभर वर आलेली एक फरशी होती. लहानपणी मी तिच्यावर उभा राहून भिंतीपलीकडं बघायचो, तिच्याखाली काय आहे हे कधी विचारलं नव्हतं. अण्णांनी ती उचलली आणि खुरप्यानं खाली उकरलं. आतून कोळसा निघाला. त्यांनी मूठभर कोळसा हातात चुरला. त्याची भुकटी वाऱ्यावर उडाली. त्यांनी हात झटकले. मग फरशी जागेवर ठेवली.

त्यांनी मला जे सांगितलं ते थोडक्यात असं. तो अर्थिंगचा खड्डा होता. खाली तांब्याची प्लेट, तिच्याभोवती कोळसा आणि मीठ. घरातल्या कुठल्याही यंत्राच्या पत्र्यात वीज उतरली तर ती वायरनं या खड्ड्यात यावी, जमिनीत जावी, आणि फ्यूज उडावा. पण माती ओली असेल तरच ती वीज घेते. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओतावं लागतं आणि लोक ते विसरतात. म्हणून अण्णांनी घर बांधताना खड्डा मोरीच्या नळीखाली घेतला होता. घरात रोज अंघोळी होणारच, ओल आपोआप राहणार, कुणी लक्षात ठेवायची गरज नाही. गल्लीतल्या सगळ्या घरांना त्यांनी हेच करायला लावलं होतं. कूलरच्या पंपाची वायर सोलली होती हे सगळ्यांना कळलं होतं. अव्वा तेवढंच धरून बसली होती, की वायर खराब होती. टिपाडानं पाणी अडल्यामुळं खड्डा वाळल्याचं फक्त अण्णांना कळलं होतं.

"अव्वापुढं बोलू नको," ते म्हणाले.

त्यांची भीती मला समजत होती. मुलगी आमच्याकडं होती. अव्वा तिला वाटी-चमच्यानं दूध पाजत होती आणि तेवढ्यासाठीच उठत-बसत होती. अक्काच्या सासरी मुलीला सांभाळायला कुणी नव्हतं. दोन-तीन वर्षं आजीजवळ राहू दे, असं त्यांच्यात बोलणं चाललं होतं, पण अजून ठरलेलं नव्हतं. मोरीचं पाणी अव्वानं अडवलं होतं म्हणून सून गेली, असं त्यांच्या कानावर गेलं असतं तर मूल इथं राहिलं नसतं. आणि ते अव्वाच्या कानावर गेलं असतं तर अव्वाचं काय झालं असतं, ते अण्णा बोलले नाहीत.

पण गल्लीत दहा-बारा टिपाडं होती. प्रत्येक टिपाडाशेजारी वाळलेला खड्डा होता आणि प्रत्येक घरात पत्र्याचा कूलर. हे माहीत असून गप्प बसणं अण्णांना जमलं नाही. संध्याकाळी ते एकेका घरच्या पुरुषाला बाहेर बोलावून सांगून आले: खड्ड्यात पाणी ओता, आणि हे बायकांपर्यंत जाऊ देऊ नका. सगळ्यांनी मान हलवली. मला तेव्हाही ते टिकेल असं वाटलं नाही. त्या उन्हाळ्यात घरातला तांब्यातांब्या बायकांच्या हिशेबात होता. पुरुषानं घागर उचलून जमिनीत ओतली तर त्याला कोण विचारणार नाही?

आठवड्याच्या आत काकूंनी त्यांचं टिपाड काढून टाकलं. त्या आमच्याकडं आल्या, मुलीला मांडीवर घेऊन बसल्या, इकडचं तिकडचं बोलल्या आणि अव्वाकडं न बघता गेल्या. दुसऱ्या दिवशी समोरच्या मास्तरांच्या घरचं टिपाड गेलं. अव्वा मागच्या दारात उभी राहून शेजारच्या अंगणात जिरणारं पाणी बघत होती.

रात्री अण्णा जेवायला बसले तेव्हा तिनं विचारलं, "काकूंनी टिपाड का काढलं?"

"गंजलं असंल."

"मास्तरांचं पण गंजलं? लगेच दुसऱ्या दिवशी?"

अण्णांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि सगळं सांगितलं. मला सांगितलं होतं त्याच क्रमानं, तांब्याच्या प्लेटपासून. सांगून झाल्यावर अव्वानं एवढंच विचारलं.

"तुम्हाला हे कधीपासून माहीत हाय?"

"खड्ड्याचं? घर बांधलं तवापासून."

"मला न्हाई सांगितलं."

अण्णा म्हणाले, त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं, ते आपोआप होणारं काम होतं. ती उठली आणि मुलीचं दूध गरम करायला गेली.

सकाळी ती बाहेर पडली. दुःख झालेल्या घरातल्या बाईनं महिनाभर कुणाच्या दाराला जायचं नाही, ही आमच्याकडची रीत. अण्णांनी तिला अडवलं. सगळ्यांना सांगून झालंय, तू गेलीस तर बोभाटा होईल, पोरीच्या सासरी कळेल, असं ते परत परत सांगत होते. ती म्हणाली, तुम्ही पुरुषांना सांगितलं, पाणी त्यांच्या हातात न्हाई. मूल माझ्याकडं देऊन ती गेली. मी पोरीला खांद्यावर घेऊन तिच्या मागोमाग गल्लीत निघालो.

ती उंबऱ्याबाहेरच थांबायची. बाई बाहेर आली की म्हणायची, "माझ्या टिपाडानं माझी लेक गेली. तुमचं काढा." मग पुढच्या दाराला. कुणी रडलं तरी ती थांबली नाही. शेवटच्या घरातली बाई नवी होती, चाकूरकडून आलेली, तिच्या घरी सासू अंथरुणाला खिळलेली. ती म्हणाली, "काढते हो मावशी. पण पाणी कुठून आणू, तेवढं सांगा."

"ते मला माहीत न्हाई," अव्वा म्हणाली. "काढा."

त्या बाईनं काढलं की नाही, मला माहीत नाही. बहुतेकांनी काढली. काहींनी खड्ड्यात रोज तांब्याभर ओतायचं ठरवलं आणि टिपाड ठेवलं. त्या उन्हाळ्यात गल्लीत दुसरं कुणी गेलं नाही. पाऊस उशिरा आला, तोही थोडा.

गल्लीतल्या एकाचे नातेवाईक अक्काच्या सासरच्या गावचे होते. अण्णा म्हणत होते तसंच झालं. पंधरा दिवसांत तिचे सासरे आणि दीर आले. ते काही वाईट बोलले नाहीत. चहा घेतला. मुलगी आता घरी नेतो म्हणाले. मुलीच्या चुलतीनं नोकरी सोडायचं ठरवलं होतं. अव्वानं मुलीचे कपडे, बाळगुटीचं सामान आणि दूध पाजायची वाटी एका पिशवीत भरून दिली. अण्णा जीपपर्यंत गेले. अव्वा गेली नाही. त्यानंतर मुलगी आमच्याकडं राहायला कधी पाठवली गेली नाही. पुढं आम्हीही विचारणं सोडलं.

अव्वानं अण्णांना दोष दिल्याचं मी ऐकलं नाही. अण्णांनीही तिला दिला नाही. दोघं एका घरात पुष्कळ वर्षं राहिले. कामापुरतं बोलायचे, आणि ते काम झालं की अण्णा पेपर घ्यायचे आणि अव्वा आत जायची. मी कॉलेजात शिकवायला लागलो, लग्न केलं नाही. त्याला हे कारण होतं असं मी म्हणणार नाही.

अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. अव्वा आहे. तिचं वय झालंय, कमी दिसतं. भाची नांदेडला असते, तिथं तिचं मेडिकलचं दुकान आहे. लग्नकार्यात भेटते, मला मामा म्हणते आणि तब्येत विचारते. अव्वाच्या पाया पडते आणि दुसरीकडं जाऊन बसते. अव्वा आणि मी त्याच घरात राहतो.