कमरेचा सहावा मणका

आई दिघाशीच्या शाळेत शिकवायची. भिवंडीहून रोज एसटीने जाऊन-येऊन तिची कंबर पार कामातून गेली होती. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते आणि डोक्यात एकच खूळ होतं: एक्स-रेमधले मणके कॉम्प्युटरने स्वतः ओळखायचे, मोजायचे आणि कुठला दबलाय ते सांगायचं. पहिली फिल्म अर्थातच आईची. घरचंच गिऱ्हाईक.

फोटो शुक्रवारी काढला. शुक्रवारी भिवंडीतले कापडाचे लूम बंद, म्हणजे व्होल्टेज धड मिळणार. एक्स-रेवाल्याने मंगळसूत्र काढायला सांगितलं, तर आई ऐकेना. बाबा हृदयाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेले. अशा वेळी ते गळ्यातून काढायचं तिच्या जिवावर आलं. मी हुज्जत घातली. शेवटी त्याने कंटाळून तसाच फोटो काढला, आणि लांब मंगळसूत्राच्या दोन वाट्या कमरेवर पांढऱ्याशुभ्र उमटल्या.

कॉलेजच्या लॅबमध्ये ती फिल्म कॅमेऱ्याने कॉम्प्युटरवर घेतली. माणसाला कमरेचे मणके पाच. माझा प्रोग्राम म्हणे सहा. वाटीची कड त्याला मणक्याची कड वाटायची. महिनाभर डोकं आपटलं, प्रोजेक्टची परीक्षा तोंडावर आली. आईला म्हटलं, ते काढून पुन्हा एक फोटो घेऊ, पाच मिनिटांचं काम.

"हे आहेत तोवर न्हाय," ती भाजी चिरत म्हणाली. शाळेतल्या पोरांकडून उचललेलं 'न्हाय' ती घरात फक्त विषय संपवायला वापरायची.

मग मी चिडून स्क्रीनवर एकेक ठिपका करत दोन्ही वाट्या पुसल्या आणि तेच चित्र मूळ चित्राच्या जागी सेव्ह केलं. उत्तर आलं पाच. परीक्षकांनी शाबासकी दिली, फिल्म रिपोर्टसोबत जमा करून घेतली, ती पुन्हा काही मिळाली नाही. मी मात्र पेढे वाटत फिरले.

त्याच वर्षी बाबा गेले.

काही महिन्यांनी आईने विचारलं, माझं मंगळसूत्र तुझ्या त्या कॉम्प्युटरमध्ये आहे ना, एकदा बघायचंय. मला खरं सांगायचा धीर झाला नाही. फ्लॉपी घेऊन आम्ही गल्लीतल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये गेलो. चित्र उघडलं. आईने चष्मा पुसला, पडद्याजवळ गेली आणि नेमक्या जागेवर बोट ठेवलं.

"इथे होतं ना गं?"

मी हो म्हटलं.

"किती स्वच्छ पुसलंस," ती म्हणाली. रागाने नाही. वहीत खाडाखोड न करणाऱ्या पोराला म्हणायची, तसंच.

आता आईही नाही. मला त्या दोघांची फार आठवण येते. हल्लीचे कॉम्प्युटर मणके बिनचूक मोजतात, त्याचं कौतुकही वाटतं. पण मला माझा तो चुकणारा प्रोग्राम हवाय, एकदाच. उत्तर सहा आलं, म्हणजे बाबा घरी असतील.