घड्याळाने गिळलेलं गणित

एकोणिसाव्या वर्षी मालिनी दीक्षितची दृष्टी गेली. पुढे जिद्दीने कॉम्प्युटर शिकून ती नाशिकच्या एका छोट्या कंपनीत अ‍ॅप तपासायच्या कामाला लागली. पडद्यावरचं सगळं बोलून दाखवणारा आवाज कानात लावून बसायचं आणि अंध मुलांना कुठे अडेल ते शोधायचं, हे तिचं काम.

नववीच्या गणिताचं अ‍ॅप दुसऱ्या दिवशी सिन्नरच्या एका शाळेत सुरू व्हायचं होतं. मालिनीची सही तेवढी बाकी होती.

"आल्हाद, उरलेला वेळ दाखवणारं घड्याळ दर सेकंदाला आकडा बोलतंय. प्रश्न ऐकूच येत नाही."

आल्हाद कंपनीचा मालक, वयाने तिच्याहून लहान. "मालिनीताई, पुढच्या महिन्यात बघू. उद्या सिन्नरला पाहुणे येतायत, पत्रिका वाटून झाल्या."

"मग मी सही करणार नाही."

"तर या कामाला तुम्ही कशाला हव्यात, याचा मला विचार करावा लागेल."

घरात मिळवती ती एकटीच. "करा विचार," ती म्हणाली. "पण पाहुण्यांच्या आधी एका मुलीच्या हातात देऊन बघा."

सकाळी सिन्नरच्या शाळेत, पाहुणे यायला तासभर असताना, आल्हादने नववीतल्या खुशनुमाच्या हातात टॅब दिला. मुलगी जन्मांध, पण गणितात वर्गात पहिली.

"त्रिकोणाचे दोन कोन... एकोणसाठ... अठ्ठावन्न... तर तिसरा..." टॅब बोलू लागला.

तिने मान कलती करून ऐकलं. मनात हिशेब केला. "त्रेसष्ट!"

"उत्तर चूक," टॅब म्हणाला.

तिने पुन्हा लावलं. पुन्हा चूक. "सर, मला येतं हो हे. आज काय झालं कळंना."

आल्हादने टॅब हातात घेऊन तो प्रश्न स्वतः ऐकला.

"बेटा," शेवटी तो म्हणाला, "तू घड्याळाचे आकडे कोन समजून घेतलेस. तुझं नाही, आमचं चुकलं."

पाहुण्यांना त्याने उभ्या उभ्या सांगितलं, अ‍ॅप तयार नाही. मुख्याध्यापक चिडले, पाहुणे चहा न घेताच गेले. पंधरा दिवस आल्हाद मालिनीशी कामापुरतंच बोलला. पण तिला काढलं नाही.

घड्याळ आता विचारल्यावरच बोलू लागलं. खुशनुमाने सलग दहा गणितं सोडवली आणि तक्रार केली, "मॅडम, आकृतीत काय काढलंय ते कुणी सांगतच नाय."

मालिनीने ते लगेच टिपून घेतलं.