देगलूरचं ‘येतो’

चार राज्यं ओलांडून कन्याकुमारीला जायचं म्हणून मी आणि बायको नांदेडहून गाडीनं निघालो, आणि देगलूरलाच चाक बसलं. पंक्चर काढणारे चाचा साठीचे असतील. चाक लावून झाल्यावर त्यांनी व्हॉल्व्हला बोटानं थुंकी लावली. बुडबुडा आला नाही तसे स्वतःवरच खूश होऊन हसले.

“भाभी, मी समंदर बघितला न्हाई कधी,” ते बायकोला म्हणाले. “येताना बाटलीभर पानी आणा. लई खारट असतंय म्हणतात, चाखून बघतो.”

“येतो चाचा,” मी गाडी सुरू करत म्हणालो.

“हितं मराठी, तेलुगू, कानडी, समदे थांबतात, साहेब. जाताना तिन्ही भाषांत ‘येतो’च म्हणतात. येत कुणी न्हाई.”

परतताना मी सोलापूर-लातूरचा रस्ता धरला. रस्ता बरा, एवढंच कारण.

“अहो, चाचांचं पाणी?” बायको म्हणाली.

“देऊ की नंतर.”

वर्ष होत आलं. तिनं भरलेली बाटली अजून गाडीच्या दाराच्या कप्प्यात आहे. कन्याकुमारी गाठून आलेल्या मला दोन तासांवरचं देगलूर लांब पडतं.