नदीसाठी राखलेली बॅटरी

केज तहसीलच्या फाटकाजवळ, माझ्या अर्जलेखनाच्या टेबलाशेजारी, एक गृहस्थ बॅटऱ्या दुरुस्त करीत बसतात. शाळांच्या नाटकांना बॅटरीवरील दिव्यांच्या माळाही तेच पुरवितात. माळ देण्यापूर्वी ती स्वतःच्या गालाला लावून पाहण्याची त्यांची सवय आहे. मुलांच्या अंगाला चटका बसता कामा नये, एवढेच त्यांचे म्हणणे.

दुष्काळाच्या वर्षी आमच्या शाळेच्या नाटकात माझी कन्या नदी झाली होती. प्रमुख पाहुणे म्हणून साखर कारखान्याचे चेअरमन बोलत असताना वीज गेली. सदर गृहस्थांकडे भरलेली बॅटरी एकच होती. व्यासपीठ तात्काळ उजळावे, अशी सूचना मी मुख्याध्यापकांच्या वतीने त्यांना दिली.

अर्ज लिहितो म्हणून ते मला वकीलच म्हणत. माळ गालाला लावीतच ते म्हणाले, "वकीलसाहेब, पाव्हणे अंधारात बी बोलतेत. नदीला उजेड लागतोय."

"अहो, चेअरमन आहेत ते."

"मंग लवकर आटपतेत."

चेअरमन खरोखरच लवकर आटोपले. तोवर लोक उठू लागले होते आणि पडद्यामागे कन्येचे मुसमुसणे मला स्पष्ट ऐकू येत होते. इतक्यात पडदा सरकला. उजळलेली निळी माळ ल्यालेली नदी संथपणे पुढे आली. उठलेली माणसे होती तिथेच बसली.

"लई पाणी हाय गं बाई," मागून कोणी म्हातारी म्हणाली.

माझ्या जिवात जीव आला.

नाटक संपल्यावर सदर गृहस्थांनी कन्येच्या अंगावरची माळ हळूच सोडविली आणि उरलेल्या उजेडात चेअरमनना जीपपर्यंत पोहोचविले.